झोंबींच्या मालिकेचा पुढचा भाग लिहिताना

नव्याने लिहिणारे हमखास विचारतात, "मारामारी कशी रंगवायची?" मारामारी रंगते हो. चौथ्या-पाचव्या भागात दमछाक होते ती वेगळ्याच गोष्टींनी: माणसं खातात काय, पाणी आणतात कुठून, आणि झोंबी नदीच्या या काठावरून त्या काठावर गेले कसे? नाशिकचा वाचक झोंबी खपवून घेतो. संध्याकाळच्या गर्दीत द्वारका चौकातून सीबीएस बसस्थानकाला पाच मिनिटांत पोचणारा नायक मात्र त्याला चालत नाही, मग भले जगबुडी आलेली असो.

म्हणून आधी नियम ठरवा. प्रेत पाण्यात आधी बुडतं, कुजून आत वायू भरला की वर येतं. माझे झोंबी कुजतात, म्हणजे ते तरंगणार. एवढ्यावर पावसाळ्याचा अख्खा भाग निघाला. गंगापूर धरणातून विसर्ग सुटला, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या (नाशिककर पूर याच मूर्तीवरून मोजतात) छातीला पाणी लागलं आणि पंचवटीतले झोंबी वाहून गेले. शहर सुटलं. पण ते जाणार कुठे? खाली निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे, तिथे अडकणार. 2020 मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेलेली महाराष्ट्रातली ही पहिली पाणथळ जागा, पक्षी ढिगाने. त्यातल्या एखाद्याने चोच मारली तर? तिथेच 'क्रमशः' टाकायचं. उगाच दार वाजवून भाग संपवू नका. दाराबाहेर शेजारीण निघाली की वाचक चिडतो, आणि बरोबरच चिडतो.

लपायला सगळे मॉल शोधतात. मी पात्रांना पांडवलेण्यांवर नेलं. चढायला पायऱ्या, वरून हायवे दिसतो, आणि सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. खायला मात्र काही नाही, म्हणून कोणाला तरी निफाडकडे कांदा साठवायच्या चाळीपर्यंत जावंच लागतं. उन्हाळ कांदा काही महिने टिकतो, पुढे त्याला कोंब फुटतात. पात्रांच्या हातात किती वेळ आहे, ते असं ठरतं.

संवादांत भाषणं नकोत. झोंबी जिन्यात असतानाही आपल्याकडची आई "गॅस बंद केलास का?" एवढंच विचारेल.

आणि पुराचा भाग पावसाळ्यातच टाका. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला की अर्धं नाशिक तो बघायला बाहेर पडतं. त्याच दिवशी वाचक सर्वांत जास्त मिळतात, आणि मारुतीला पाणी नेमकं कुठवर लागलं यावरून वाद घालणारेही.