मॅन्युअल एकच जाडजूड, की तीन पातळ?

दूध संकलनाच्या एका सॉफ्टवेअरचं मॅन्युअल मी लिहिलं, तेव्हा 180 पानांची एकच पीडीएफ केली होती. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, सगळं झोकात. महिन्याभराने एका संकलन केंद्रावर गेलो, तर काट्याशेजारच्या भिंतीवर तिच्यातली दोनच पानं चिकटवलेली: फॅट-एसएनएफची (दुधातली स्निग्धता आणि बाकीचे घन घटक यांची) नोंद चुकली तर दुरुस्त कशी करायची, ती. बाकी पुस्तक कपाटात.

आता लिहायला बसण्याआधी मी असं करतो.

1. आधी माणसं मोजा, मेनू नव्हे. हे कोण उघडणार, कुठे बसून आणि कशासाठी, एवढं वहीत लिहा. आमच्याकडे तिघे निघाले. पहाटे रांग सांभाळत नोंदी करणारा ऑपरेटर, दर दहा दिवसांनी बिलं काढणारे सचिव आणि कधीमधी येऊन इन्स्टॉलेशन-बॅकअप बघणारा तंत्रज्ञ. तीन वाचक, तीन पुस्तिका. सगळी कामं एकाच माणसाकडे असतील तर मात्र एकच ठेवा. उगाच फोडू नका.

2. मग प्रकरणं वाटा. कुठलं कुठे टाकावं असा पेच पडला, की विचारा: हे वाचणारा त्याच बैठकीत दुसरं कोणतं प्रकरण उघडेल? दरपत्रक आणि बिल हे दोन वेगळे मेनू आहेत. पण दर चुकला की बिल चुकतं, म्हणून सचिव दोन्ही चाळणारच. ती एकत्र हवीत. फोडण्याचा मोठा तोटा इथेच कळतो. पीडीएफ उघडून कंट्रोल-एफ दाबलं, की शोध त्या एका फाइलीतच होतो. शब्द शेजारच्या पुस्तिकेत असला, तर वाचणारा म्हणतो, मॅन्युअलमध्ये हे दिलेलंच नाही. मग फोन तुम्हालाच.

तरी वाचक खरंच वेगळे असतील, तर फोडणंच बरं. लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस-सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शिका बघा. नवशिक्यांसाठी एक, आणि रायटर (लेखन), कॅल्क (हिशेब), इम्प्रेस (स्लाइड) यांची एकेक वेगळी. नुसता हिशेब करणाऱ्याला इम्प्रेसची स्लाइड कशाला?

3. तिन्हींत लागणारा मजकूर एकदाच लिहा. ‘पासवर्ड बदलणे’ मी तीन ठिकाणी कॉपी-पेस्ट केलं होतं. स्क्रीन बदलली, दोन ठिकाणी सुधारलं, तिसरं राहिलं. लिब्रेऑफिस रायटरमध्ये यावर सोय आहे: फाइल मेनूतल्या ‘न्यू’मध्ये मास्टर डॉक्युमेंट, म्हणजे अनेक फाइली एकत्र जोडणारी फाइल. प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल करा, प्रत्येक पुस्तिकेला एक मास्टर करा आणि नेव्हिगेटर नावाच्या खिडकीतून हव्या त्या फाइली जोडा. पासवर्डची फाइल तिन्ही मास्टरांत जाते, दुरुस्ती एकदाच होते. पीडीएफ काढण्याआधी नेव्हिगेटरमध्ये अपडेट मारायला विसरू नका.

4. एका पुस्तिकेतून दुसरीकडे पाठवताना ‘पान 42 पाहा’ असं लिहू नका. दोन पानं वाढली की ते खोटं ठरतं. पुस्तिकेचं नाव आणि प्रकरणाचं शीर्षक द्या.

5. प्रत्येक पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आणि प्रत्येक पानाच्या तळाशी सॉफ्टवेअरची आवृत्ती छापा. मधोमध पिना मारणार असाल, तर पानांची संख्या चारच्या पटीत बसवा.

6. काट्यापाशी लावायचं पान मात्र पुस्तिकेतून फाडायला लावू नका. ते वेगळंच करा: एका बाजूला, ठळक अक्षरांत, लॅमिनेट करून. तिथे हात ओले असतात.