रागाच्या ग्रुपमध्ये जाताय? या चुका टाळा

रागाचा ग्रुप म्हणजे संतापाच्या झटक्यांवर काही जणांनी एकत्र बसून घ्यायचा मानसोपचार. तिथे येणारा माणूस बहुतेकदा फिर्याद घेऊन येतो. बायको काय म्हणाली, रिक्षावाल्याने कट कसा मारला. बाकीचे 'तुमचं बरोबरच आहे' म्हणतात आणि वेळ संपते. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. निवाडा करायला ग्रुप बसलेला नसतो. सांगायचं ते ताट भिरकावण्याआधीच्या दोन मिनिटांबद्दल. जबडा कधी आवळला? कान कधी तापले? 'हा मला मुद्दाम डिवचतोय' असं नेमकं कधी वाटलं? या विचारातली खोट इतरांना पटकन दिसते, कारण त्यांच्याही डोक्यात तोच येत असतो.

अमेरिकेत व्यसनमुक्ती उपचारांसाठी तयार झालेला एक कार्यक्रम बराच वापरला जातो. १२ आठवडे, दर आठवड्याला दीड तास, साधारण ८ जण. त्यात राग १ ते १० अशा पट्टीवर मोजायचा असतो. १० म्हणजे तोल गेला. लोक फक्त १० नोंदवतात आणि एरवी 'या आठवड्यात काही नाही' म्हणून मोकळे होतात. खरं काम ४-५ वर असताना होतं. ९ वर दीर्घ श्वास कुणाला आठवतो?

'टाइम-आउट'चं, म्हणजे राग चढू लागला की थोडा वेळ बाजूला होण्याचंही तसंच. दार आपटून निघून जाणं म्हणजे टाइम-आउट नव्हे, समोरच्याला ती धमकीच वाटते. घरात शांतता असताना आधी ठरवून ठेवा: कोणता शब्द वापरायचा, किती वेळ बाहेर थांबायचं. आणि परत यायचंच. बाहेर जाऊन मनात भांडणाची उजळणी केलीत, तर गेलात तसे परत याल. गाडी चालवू नका, बारकडे तर वळूच नका.

उशी बडवून राग निघतो, ही समजूतही सोडा. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात, ज्याने चिडवलं त्याला आठवत पंचिंग बॅग बडवणारे विद्यार्थी नुसत्या बसून राहिलेल्यांपेक्षा जास्त चिडलेले निघाले.

ग्रुप म्हणजे स्वस्तातली तडजोड, असं समजून तीन-चार बैठकांत सोडू नका. संशोधक मॅक्लॉस्की आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या अभ्यासात प्रतीक्षा यादीवरच्या लोकांच्या तुलनेत एकेकट्याने उपचार घेणाऱ्यांचा आणि ग्रुपमधल्यांचा, दोघांचाही आक्रमकपणा कमी झाला होता. झटके दारूनंतरच येत असतील तर आधी दारूवर उपचार हवेत. डोक्याला मार लागल्यापासून सुरू झाले असतील तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

साहेबासमोर ब्र न काढणारा माणूस घरी बायकोवरच हात उचलत असेल, तर तोल जातो ही सबब मला पटत नाही. तिथे रागाचा ग्रुप पुरत नाही. नवरा ग्रुपला जातोय एवढ्यावर विसंबून बायकोनेही राहू नये. तिच्यासाठी महिला हेल्पलाइन १८१ आहे. ग्रुप कुठे शोधायचा हेच कळत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करून जवळच्या मानसोपचार विभागाची चौकशी करा.