हॅलोवीनच्या रात्री एकच सिनेमा

न्यू जर्सीत, एडिसनला राहायला आल्यापासून हॅलोवीनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, भुताचा सिनेमा आमच्याकडे असतो. पहिल्या वर्षी हौसेच्या भरात मी तीन ठरवले होते. सुरुवात ‘द एक्झॉर्सिस्ट’नं केली. मध्यावर लक्षात आलं, वर झोपवलेल्या पोरांपैकी एक सात वर्षांचं पिल्लू जिन्याच्या कठड्यातून सगळं बघतंय. पुढे पंधरा दिवस ते दिवा लावून झोपलं आणि त्याच्या आईचा मला रोज फोन. उरलेल्या दोन सिनेमांना तसंही कोणी जागं नव्हतं. तेव्हापासून एका रात्री एकच. दुसरा लावला की पहिल्याची भीती धुऊन निघते, आणि मंडळी घरी जाताना नुसती पेंगुळलेली असतात.

आधी वेळेचं बघा. इकडे तेव्हा सहाच्या सुमारास अंधार पडतो आणि आठपर्यंत गल्लीतली पोरं चॉकलेटं मागायला दारात येत राहतात. त्या वेळात सिनेमा लावलात तर ऐन मोक्याला बेल वाजणार आणि दारात परीच्या झग्यातली तीन वर्षांची चिमुरडी. आठ वाजले की पोर्चचा दिवा बंद करा. दिवा बंद म्हणजे या घरचा खाऊ संपला, हे इथल्या पोरांना बरोबर कळतं. साडेआठला सिनेमा.

घरातली पोरं त्याआधी आटपायची. अगदी लहानांना चार्ली ब्राउनचा १९६६ सालचा भोपळ्याचा कार्यक्रम पुरतो, पंचवीस मिनिटांत संपतो. नऊ-दहा वर्षांच्यांना ‘कोरलाइन’ चालतो, पण डोळ्यांच्या जागी बटणं असलेली आई त्यात आहे, तेव्हा आपलं पोर ओळखून दाखवा. आणि जुन्या सिनेमाच्या पीजी शिक्क्यावर, म्हणजे आई-वडिलांच्या देखरेखीत पोरांना चालेल अशा शिक्क्यावर, विसंबू नका. पीजी-१३ हा तेरा वर्षांखालच्यांसाठी सावध करणारा मधला शिक्का १९८४ साली आला. ‘पोल्टरगाइस्ट’ १९८२चा, त्यावर नुसतं पीजी आहे, आणि त्यात एक माणूस आरशासमोर उभा राहून स्वतःच्या तोंडाची सालं काढतो. मी एकदा फसलेय.

आता मोठ्यांचा सिनेमा. घोळक्यात एक तरी नवखा असेल तर माझं उत्तर ठरलेलं: जॉन कार्पेंटरचा १९७८चा ‘हॅलोवीन’. एक तास एकतीस मिनिटं, म्हणजे दहाला सगळे मोकळे. रक्त जवळजवळ नाही. गोष्ट इलिनॉयमधल्या हॅडनफील्ड गावात घडते, पण ते नाव उचललंय आमच्या न्यू जर्सीतल्या हॅडनफील्डवरून, कारण सहलेखिका आणि निर्माती डेब्रा हिल तिथली. आमच्यापासून गाडीनं तासा-सव्वातासावर. हे मी सिनेमा सुरू व्हायच्या आधी सांगते. गाव जवळचं निघालं की माणसं जरा सावरून बसतात.

बघताना नजर मधल्या माणसांवर ठेवू नका, कडेला ठेवा. सिनेमातला मुखवटेवाला खुनी भरदिवसा उभा असतो. कुंपणाच्या झुडपाशी, वाळत घातलेल्या चादरींच्या मधे. एकदा दिसतो, पुन्हा बघावं तर नाही. ज्याला दिसला त्यानं ओरडायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. शेजारच्याला दिसलाच नाही हे त्याच्या तोंडावरून कळतं, आणि ती मजा पडद्यावरच्या मजेपेक्षा मोठी असते. तो मुखवटा म्हणजे दुकानात मिळणारा स्वस्तातला ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा चेहरा. डोळ्यांची भोकं मोठी केली आणि पांढरा रंग फवारला, बस.

संगीत कार्पेंटरचंच आहे. आमचे हे तबला वाजवतात. पहिल्यांदा ती पियानोची धून ऐकली तेव्हा ह्यांची बोटं सोफ्याच्या हातावर सुरू झाली आणि अडखळली. मोजून म्हणाले, “अगं, दहा मात्रा आहेत, पण झपताल नाही. झपताल दोन-तीन-दोन-तीन. हा तीन-तीन-दोन-दोन जातो.” म्हणून ती धून कानाला कुठेच विसावू देत नाही. समेवर आलो म्हणेपर्यंत पुढे सरकलेली असते. तुम्हीही मांडीवर मोजून बघा.

ज्यांनी तो आधी पाहिलाय त्यांना काम द्या: झावळ्यांची झाडं शोधा. चित्रीकरण कॅलिफोर्नियात आणि तेही वसंतात झालं, त्यामुळे पानगळीची पानं रंगवून टाकली होती आणि प्रसंग झाला की गोळा करून पुन्हा वापरली होती. इलिनॉयच्या गल्लीत मागे पाम डोलताना दिसतात.

खोलीची तयारी मात्र सिनेमाइतकीच महत्त्वाची आहे, आणि इथेच लोक कंटाळा करतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये मोशन स्मूदिंग नावाचं जे काही असतं ते बंद करा, नाहीतर जुना सिनेमा संध्याकाळच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. आवाजाचा नाइट मोड चालू ठेवा, म्हणजे कुजबुज ऐकू येते आणि किंकाळीनं वरची पोरं उठत नाहीत. सबटायटल्स लावायची असतील तर जरा निरखून निवडा. सासरे कोल्हापूरहून आले होते, त्यांना अमेरिकन उच्चार कळत नाहीत म्हणून मी पहिली दिसली ती लावली. ती निघाली बहिऱ्यांसाठीची. दार वाजायच्या आधी खाली अक्षरं: दार करकरते. बाबा मोठ्यानं वाचून सगळ्यांना सावध करत होते! यादीत नुसत्या संवादांचीही सबटायटल्स बहुतेक वेळा असतात, ती घ्या.

फोन गोळा करा, पण स्टीलच्या डब्यात ठेवू नका. दिवाळीच्या फराळाच्या रिकाम्या डब्यात मी अकरा फोन ठेवले होते आणि घरात चिडीचूप असताना त्यातला एक थरथरला. तसा आवाज कुठल्या सिनेमावाल्याला सुचणार नाही. तेव्हापासून कापडी पिशवी.

खाण्यात कुरकुरीत काही नको. चकली, चिवडा दुसऱ्या दिवशी. २०१८चा ‘अ क्वाएट प्लेस’ लावाल, ज्यात आवाज केला की मेलात, तेव्हा तर ढोकळा, आप्पे, फार तर घारगे एवढंच. घारग्यांसाठी कोरायचा भोपळा घेऊ नका. तो पाणचट असतो, घारगे फसतात. आपल्या देशी दुकानातला लाल भोपळा आणा. कोरायच्या भोपळ्याच्या बिया तेवढ्या धुऊन, वाळवून, तिखट-हिंग लावून ओव्हनमध्ये भाजा आणि सिनेमा संपल्यावर काढा.

खिसा रिकामा असेल तर जॉर्ज रोमेरोचा १९६८चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ आहे. ऐनवेळी सिनेमाचं नाव बदललं आणि नव्या नावाखाली कॉपीराइटची ओळ घालायची राहिली, म्हणून तो इंटरनेटवर राजरोस फुकट बघता येतो. काळा-पांढरा आहे, आणि रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप. ‘हॅलोवीन’मधल्या मुखवटेवाल्यासारखीच यातली उठून चालणारी मढीही सावकाश चालतात. दोन्ही बघून सासरे म्हणाले, “पळत का न्हाईत रं हे?” मग जरा थांबून, “आमच्याकडं खवीसबी पळत न्हाई म्हणायचे. त्याला कशाची घाई?” एवढं नेमकं परीक्षण मी कुठे वाचलं नाही.

कधी कधी हॅलोवीन दिवाळीतच येतं, २०२४ साली आलं तसं. पायरीवर एकीकडे पणत्या, एकीकडे कोरलेला भोपळा, आणि आकाशकंदिलाकडे बघून गोऱ्या पोरांनी विचारलेलं, हे कुठलं भूत? अशा वर्षी आपलीच माणसं जास्त जमतात, मग आपलाच सिनेमा लावते. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हिंदीत असला तरी घर, पाऊस, वाडा, हाव, सगळं आपल्याकडचं. दचकायला फार नाही, ओल मात्र अंगात शिरते. पावणेदोन तास. नारायण धारप वाचून वाढलेले लोक त्यात आपलं काहीतरी ओळखतात, कारण गोष्टीचं मूळ त्यांच्या एका कथेत आहे. या सिनेमाला खोली पूर्ण काळोखी हवी. स्वयंपाकघरातला मिणमिणता दिवासुद्धा विझवा, कारण अर्धा सिनेमा कंदिलाच्या उजेडात आहे आणि टीव्हीच्या काचेत आपलीच तोंडं दिसायला लागतात.

आणि विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’. पूजा सावंत आणि उषा नाईक. याच दिग्दर्शकानं पुढे त्यावरून हिंदीत ‘छोरी’ केला, पण आधी मराठी बघा. गरोदर बाई उसाच्या फडात अडकलेल्या एका घरात राहायला येते, यापुढे सांगत नाही. जमलेल्यांत कोणी गरोदर असेल तर हा त्या वर्षी बाजूला ठेवा.

माझं माहेर सांगलीकडचं. घराच्या तिन्ही बाजूंना ऊस, आणि रात्री वारा सुटला की पात्यांची सळसळ थेट उशाशी. ‘लपाछपी’ मी एकदाच पाहिलाय, रविवारी दुपारी दोन वाजता, पडदे उघडे ठेवून, इस्त्री करता करता. आमच्याकडे तो लावायचा ठरला तर रिमोट ह्यांच्याकडे असतो. मी आत चहा टाकायला जाते, आणि तो चहा व्हायला दोन तास लागतात.