गुडघ्यावरच्या ठोक्यातून मज्जारज्जूचे काम कसे समजून घ्यावे

शालेय पुस्तकांत मज्जारज्जूचे वर्णन बहुधा मेंदू आणि शरीर यांच्यामध्ये निरोपांची ने-आण करणारी वाहिनी असे केलेले असते. हे वर्णन चुकीचे नसले तरी अपुरे आहे, कारण मज्जारज्जू प्रत्येक निरोप नुसता वर पाठवून थांबत नाही. काहींचा निकाल तो जागच्या जागी लावतो आणि मेंदूला त्याची खबर मागाहून मिळते. हे घरच्या घरी, कोणालाही इजा न करता पाहता येते. त्यासाठी एक मदतनीस, उंच टेबल आणि थोडा संयम एवढेच लागते.

ज्याच्या गुडघ्यावर प्रयोग करायचा, त्याला टेबलावर असे बसवावे की पाय जमिनीला न टेकता मोकळे लोंबतील. साध्या खुर्चीवर बसवायचे झाल्यास एक पाय दुसऱ्यावर टाकायला सांगून वरच्या पायाची तपासणी करावी. औषधांच्या दुकानात मिळणारी रबरी हातोडी असल्यास उत्तम. नसल्यास तळहाताची करंगळीकडची कड पुरेशी आहे. घरातली लोखंडी हातोडी मात्र कोणत्याही सबबीवर वापरू नये. गुडघा दुखरा असेल, त्यावर शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा तिथे जखम असेल, तर हा प्रयोग करूच नये.

आता नेमकी जागा शोधावी. गुडघ्याच्या वाटीवरून अंगठा हळूहळू खाली सरकवत नेला, की वाटीची खालची कड संपल्यावर आणि नडगीच्या हाडाचा उंचवटा सुरू होण्यापूर्वी एक उभी, किंचित दबणारी पट्टी लागते. ही मांडीच्या पुढच्या स्नायूला नडगीशी जोडणारी कंडरा होय. ठोका इथेच द्यायचा आहे. तो वाटीवर पडला तर फक्त दुखेल. ठोका देण्यापूर्वी आपला दुसरा तळहात त्या व्यक्तीच्या मांडीवर, गुडघ्यापासून वीतभर वर, सैलसर ठेवावा. बहुतेक लोक फक्त पाय उडतो की नाही तेवढे पाहतात. खरा पुरावा मांडीवरच्या तळहाताला मिळतो. ठोका पडताच कातडीखाली स्नायू क्षणभर आवळून सैल झाल्याचे स्पष्ट जाणवते आणि काही जणांत पाय जेमतेम हलला तरी हे आकुंचन हाताला लागते.

या क्षणार्धात घडते ते असे. ठोक्यामुळे कंडरा किंचित दबते आणि तिला जोडलेला स्नायू अगदी थोडा ताणला जातो. स्नायूच्या आत ताण मोजणारे सूक्ष्म अवयव असतात. त्यांच्यापासून निघालेले संवेदी तंतू हा बदल मागच्या मुळातून, म्हणजे मज्जातंतू मज्जारज्जूला जोडणाऱ्या दोन फाट्यांपैकी मागच्यातून, मज्जारज्जूत आणतात. मज्जारज्जूचा आडवा काप घेतला तर मध्यभागी फुलपाखराच्या पंखांसारखा करडा भाग दिसतो आणि त्याच्याभोवती वर-खाली जाणाऱ्या तंतूंचा पांढरा भाग. संवेदी तंतू करड्या भागाच्या पुढच्या टोकापर्यंत जाऊन तिथल्या, स्नायूला हुकूम देणाऱ्या प्रेरक पेशीला थेट भिडतो. दोघांमध्ये तिसरी पेशी नसते. प्रेरक पेशीचा तंतू पुढच्या मुळातून बाहेर पडून त्याच स्नायूकडे परततो आणि स्नायू आकुंचन पावतो. या फेरीला सुमारे २० ते २५ मिलिसेकंद लागतात, म्हणजे मेंदूने विचार करून पाय हलवायला जेवढा वेळ लागेल त्याच्या कितीतरी आत. त्याच वेळी संवेदी तंतूची एक शाखा मधल्या पेशीमार्फत मांडीच्या मागच्या स्नायूंना सैल राहण्याचा आदेश देते, अन्यथा दोन्ही बाजूंचे स्नायू एकमेकांना अडवून धरतील.

ही क्रिया जर्मन वैद्यकीय शास्त्रज्ञ एर्ब आणि वेस्टफाल यांनी १८७५ मध्ये एकमेकांपासून स्वतंत्रपणे नोंदवली. ती प्रतिक्षिप्त क्रिया, म्हणजे मज्जारज्जूतून आपोआप येणारे उत्तर, असल्याचे एर्ब यांनी मानले. वेस्टफाल यांना मात्र ठोक्याने स्नायू थेट चाळवतो असे वाटत होते. प्राण्यांवरील प्रयोगांत केवळ संवेदी मुळे तोडली असता, स्नायू आणि त्याचे प्रेरक तंतू शाबूत असूनही झटका नाहीसा होतो, यावरून एर्ब यांचा पक्ष खरा ठरला.

हा निर्णय पाठीत नेमका कुठे होतो असे विचारले, तर बहुतेक लोक कमरेकडे बोट दाखवतील. गुडघ्याचा झटका कमरेच्या दुसऱ्या ते चौथ्या मज्जातंतूंशी निगडित आहे, पण मज्जारज्जूचे ते खंड कमरेच्या मणक्यांच्या पातळीवर नसतात. प्रौढ माणसात मज्जारज्जू सुमारे ४५ सेंटिमीटर लांब असतो आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळच संपतो. त्यामुळे गुडघ्याचा निकाल लावणारा भाग छातीच्या शेवटच्या मणक्यांच्या आसपास असतो. तिथून निघालेली मुळे मणक्यांच्या पोकळीतून खाली उतरून आपापल्या फटीतून बाहेर पडतात. कमरेतून पाणी काढताना किंवा सिझेरियनसाठी भूल देताना डॉक्टर मज्जारज्जूच्या टोकाच्या खाली सुई घालतात, त्यामागचे कारण हेच.

पहिल्या प्रयत्नात झटका आला नाही तर घाबरू नये. माणूस सावध होऊन मांडी आवळून बसला असेल तर तो दबतो. अशा वेळी त्याला दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून जोराने विरुद्ध दिशांना ओढायला सांगावे आणि तो ओढत असतानाच ठोका द्यावा. हंगेरीतील डॉक्टर येंड्राशिक यांनी १८८० च्या दशकात सुचवलेली ही युक्ती आजही वापरात आहे. हात ओढल्याने पायाचा झटका वाढतो, याचा अर्थ असा की निर्णय मज्जारज्जूचा असला तरी त्याचा जोर वरून कमी-अधिक केला जातो. डॉक्टर हातोडी कशासाठी चालवतात याचे उत्तर इथेच आहे. स्नायूकडे जाणारा तंतू किंवा मज्जारज्जूतला तो खंडच बिघडला, तर झटका मंदावतो किंवा जातो. उलट मेंदूकडून येणारा मार्ग वर कुठे तुटला असेल, तर त्या जागेखालचे झटके काही काळाने बेसुमार वाढतात. झटका वाढलेला दिसला म्हणजे मज्जारज्जू जोमदार आहे असे समजणे, माझ्या मते, या विषयातला सर्वांत फसवा गैरसमज आहे. निरोगी माणसांतही झटका कमी-जास्त असतो, म्हणून डावा आणि उजवा सारखा आहे का, यालाच अधिक महत्त्व द्यावे.

वरच्या मार्गाची आणखी एक खूण तळपायावर मिळते. टाचेपासून बोटांकडे तळपायाच्या बाहेरच्या कडेने बोथट वस्तू ओढली असता प्रौढाचा अंगठा खाली वळतो. तो वर उठला तर मेंदूकडून येणारा मार्ग दुखावल्याची शंका घेतली जाते. फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये ही खूण मांडली. तान्ह्या बाळाचा अंगठा मात्र तेल लावताना असा वर उठला तर काळजीचे कारण नाही, कारण तो मार्ग पूर्ण तयार व्हायला एक ते दोन वर्षे लागतात.

शेवटचा प्रयोग डोळे मिटून करायचा आहे. कापसाचा बोळा आणि फ्रीजमधला थंड चमचा आळीपाळीने दोन्ही पायांना लावून दोन्हींकडे सारखेच जाणवते का ते विचारावे. निरोगी माणसाला फरक वाटणार नाही, पण दोन संवेदनांच्या वाटा वेगळ्या आहेत. हलक्या स्पर्शाचा बराचसा भाग आला त्याच बाजूने वर जाऊन मेंदूच्या तळाशी बाजू बदलतो, तर थंडी आणि वेदना मज्जारज्जूत शिरल्यावर लवकरच पलीकडे जातात. म्हणूनच मज्जारज्जूची केवळ उजवी बाजू दुखावली, तर इजेखाली उजव्या पायातले बळ व सूक्ष्म स्पर्श जातो आणि थंडी-वेदना डाव्या पायातून जाते. मॉरिशसमध्ये जन्मलेले शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्राउन-सेकार यांनी हे विचित्र भासणारे चित्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर उलगडून दाखवले.

हे सर्व समजून घेण्यासाठी आहे, निदानासाठी नाही. पायांतले बळ एकाएकी कमी होणे, जांघ आणि बैठकीचा भाग बधिर होणे, लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, यांपैकी काहीही घडल्यास हातोडी बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे, कारण अशा वेळी काही तासांचा उशीरही कायमचे नुकसान करू शकतो. अपघातात मान किंवा पाठ दुखावलेल्या माणसावर यातला एकही प्रयोग करू नये. आग किंवा वाहतुकीचा धोका नसेल तर त्याला उठवून बसवू नये, डोके आहे त्या स्थितीत दोन्ही हातांनी स्थिर धरून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायला दुसऱ्या कोणाला तरी सांगावे.