आरएक्स-७ चा बूस्ट कमी पडतोय? टर्बो उतरवण्याआधी हे तपासा

माझदा आरएक्स-७ ची तिसरी पिढी, म्हणजे एफडी, १९९१ ते २००२ या काळात जपानमध्ये बनली. आज यातली सगळ्यात नवी गाडीही वीस वर्षं ओलांडून गेली आहे, आणि मालकांची एक तक्रार कायम ऐकू येते: गाडी पूर्वीसारखी ओढत नाही, म्हणजे बूस्ट (टर्बोने इंजिनात भरलेल्या हवेचा दाब) कमी पडतो. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या, जोरावर फिरून हवा दाबणारा पंखा. गॅरेजमध्ये नेली की पुष्कळदा "टर्बो गेले" असं सांगितलं जातं. टर्बो जातातही, नाही असं नाही. पण या गाडीत दोष बहुतेकदा टर्बोच्या बाहेर, एखाद्या कडक झालेल्या नळीत किंवा अडकलेल्या व्हॉल्व्हमध्ये निघतो. म्हणून हजारोंचा खर्च करण्याआधी बूस्टचा काटा काय सांगतो ते नीट वाचावं.

आधी रचना समजून घ्या

इंजिन १.३ लिटरचं, दोन रोटरचं. ते रोटरी इंजिन आहे: पिस्टनऐवजी आत तिकोनी रोटर फिरतात. त्यावरचे दोन टर्बो एकदम कामाला लागत नाहीत. सुमारे ४५०० आरपीएमपर्यंत पहिला टर्बो एकटा हवा दाबतो. दुसरा त्याआधीच थोड्या एक्झॉस्टवर फिरत ठेवलेला असतो आणि वेळ आली की त्याचा रस्ता उघडतो. ही अदलाबदल कॉम्प्युटर करतो, पण हात नळ्यांचे असतात: सोलेनॉइड (विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह) कधी दाब तर कधी व्हॅक्यूम पाठवतात, त्यावर ॲक्च्युएटरचा (हवेच्या दाबावर हलणाऱ्या डबीचा) दांडा सरकतो आणि व्हॉल्व्ह उघडतो किंवा मिटतो. या बारीक नळ्यांचं जंजाळ इंजिनाच्या वर, भट्टीसारख्या उष्णतेत बसलेलं असतं.

पायरी १: काटा बसवा आणि नमुना लिहून घ्या

इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाच्या) नळीत टी (तीन तोंडांचा जोड) जोडून चांगला मेकॅनिकल बूस्ट गेज बसवा. इंजिन पूर्ण गरम झालं की तिसऱ्या गिअरमध्ये २५०० पासून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. ही चाचणी डायनोवर (गाडी जागेवर ठेवून चाकं फिरवू देणाऱ्या यंत्रावर) किंवा बंद ट्रॅकवरच करावी, वाहत्या रस्त्यावर नाही. शेजारी बसलेल्याला काटा आणि आरपीएम दोन्ही दिसतील असा मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला सांगा. गाडी चालवताना डोळ्यांनी वाचलेल्या आकड्यावर विसंबू नये.

निरोगी गाडीचा नमुना १०-८-१० असतो. पहिल्या टर्बोवर सुमारे १० पीएसआय (०.७ बार), बदलाच्या क्षणी ८ पर्यंत घसरण आणि दोन्ही टर्बो मिळून पुन्हा १०. मधली ती घसरण हा दोष नव्हे, हे आधी मनात पक्कं करा.

आता तुमचा नमुना बघा. ४५०० च्या आधीच बूस्ट कमी आणि नंतर ठीक असेल, तर पहिल्या टर्बोची हवा कुठेतरी परत निसटते आहे. यात पहिला संशय चार्ज कंट्रोल व्हॉल्व्हवर (दुसऱ्या टर्बोची हवा इंजिनाकडे सोडणाऱ्या झडपेवर) घ्यावा. तो नीट मिटला नाही तर दाबलेली हवा दुसऱ्या टर्बोतून उलटी बाहेर पडते. सुरुवात चांगली पण ४५०० नंतर काटा कोसळतो आणि वर येतच नाही, तर दुसरा टर्बो जोडलाच जात नाहीये: टर्बो कंट्रोल (दुसऱ्या टर्बोला एक्झॉस्ट देणारा), चार्ज कंट्रोल किंवा चार्ज रिलीफ (बदल होईपर्यंत दुसऱ्या टर्बोची हवा सोडून देणारा), या तीन व्हॉल्व्हपैकी कोणीतरी आपलं काम करत नाही. सगळीकडेच सारखा कमी असेल, तर दोष दोघांना सामाईक असलेल्या भागात शोधा.

पायरी २: गळती

इंटरकूलरच्या (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) पाइपांचे क्लॅम्प हाताने हलवून बघा. मग एअर फिल्टरच्या जागी टोपण बसवून कॉम्प्रेसरने हळूहळू हवा भरा. १० पीएसआयच्या वर जाऊ नका. साबणाचं पाणी फवारलं की बुडबुडे जागा दाखवतात. थोडी हवा इंजिनातूनही सुटते, त्या सुस्काऱ्याने घाबरू नये. बायपास व्हॉल्व्ह (ॲक्सिलरेटर सोडल्यावर जादा दाब सोडणारा) मात्र जरूर तपासा, तो गळत असला तर तिन्ही आकडे खाली येतात. फिल्टर तुंबला आहे का, हे बघायला मिनिट पुरेल.

पायरी ३: नळ्या, व्हॉल्व्ह, सोलेनॉइड

इथे घाई करू नका, कारण खरी चोरी बहुधा इथेच पकडली जाते. नळीचं टोक नखाने दाबा. रबर दबत नसेल, चिरलं असेल किंवा निपलवर (नळी चढवायच्या तोंडावर) सैल फिरत असेल, तर ती नळी गेली. एक बदलायला हात घातलाच आहे तर सगळ्याच सिलिकॉनच्या घालाव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. पण एका वेळी एकच नळी काढा आणि आधी फोटो घ्या.

जुनी नळी फेकण्याआधी चिमटीत धरून चाचपा. वेस्टगेट (टर्बोला वगळून जादा एक्झॉस्ट सोडणारं दार) आणि प्री-कंट्रोल (दुसरा टर्बो आधीच फिरवत ठेवणारा व्हॉल्व्ह) यांच्या नळ्यांमध्ये बारीक भोक असलेली इवलीशी गोळी बसवलेली असते. आधीच्या मेकॅनिकने ती जुन्या नळीसोबत कचऱ्यात टाकली असेल, तर ॲक्च्युएटरला जास्त दाब मिळून गेट लवकर उघडतं आणि बूस्ट वाढतच नाही.

वन-वे व्हॉल्व्हमध्ये तोंडाने फुंका: हवा एकाच दिशेने जायला हवी. ॲक्च्युएटरला हातपंपाने त्याच्या प्रकारानुसार दाब किंवा व्हॅक्यूम द्या, दांडा सरकला पाहिजे आणि तिथेच टिकला पाहिजे. हळूहळू परतला तर आतला पडदा फाटला आहे. टर्बो कंट्रोलच्या ॲक्च्युएटरला दोन निपल असतात, एक दाबाचं आणि एक व्हॅक्यूमचं, तेव्हा दोन्ही बाजू तपासा. सोलेनॉइडला १२ व्होल्ट दिल्यावर टक् आवाज आला म्हणजे काम झालं असं नाही. फुंकून बघा, हवेचा रस्ता खरंच बदलतो का.

पायरी ४: एक्झॉस्ट आणि इंजिन

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) आतून वितळून तुंबला की एक्झॉस्ट अडतो आणि टर्बो फिरत नाही. तो बदलावा, नुसता काढून टाकू नये. मोकळ्या एक्झॉस्टवर या गाडीचा बूस्ट हाताबाहेर जातो. रोटरी इंजिनाला विशेष टेस्टर लावून प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचं कॉम्प्रेशनही मोजून घ्या.

पायरी ५: आता टर्बो

इनटेकची नळी काढून शाफ्ट बोटांनी हलवा. आडवी किंचित हालचाल चालते, पण आत-बाहेर खेळ जाणवला किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर टर्बो उतरवावाच लागेल.

दोष सापडण्याआधी बूस्ट कंट्रोलर लावून आकडा वर ओढू नका. गळती तशीच राहते, टर्बो जास्त फिरतो, आणि रोटरीला जादा दाब व कमी पेट्रोल एकदम मिळालं की एपेक्स सील (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या) तुटतात. मग प्रश्न टर्बोचा राहत नाही, अख्ख्या इंजिनाचा होतो.

दुरुस्तीनंतर पहिली चाचणी अर्ध्या ॲक्सिलरेटरवर करा. काटा १० ओलांडून चढतच राहिला तर तात्काळ पाय काढा आणि बॉनेट उघडून वेस्टगेटची नळी निसटली आहे का, किंवा ती गोळी तुंबली आहे का, ते बघा.