गव्हर्नन्सचे नियम कडक झाले की अकाउंट्सवाल्यांनी नेमकं काय करायचं
कॉर्पोरेट गव्हर्नन्सचे, म्हणजे कंपनी कशी चालवायची आणि कोणी कोणाला उत्तर द्यायचं याचे, नियम बदलले की सगळ्यांना वाटतं हा बोर्डाचा विषय, पण काम येऊन पडतं अकाउंट्सच्याच टेबलावर. आधी आकडा जुळला की भागायचं, आता तो कोणी टाकला, कोणी तपासला, कशाच्या आधारावर, हे पण दाखवावं लागतं.

सुरुवात मॅन्युअल जर्नल एन्ट्रीपासून करा, म्हणजे सिस्टीमने आपोआप न टाकता कोणीतरी हाताने हिशोबात टाकलेली नोंद. वर्ल्डकॉम या अमेरिकन टेलिकॉम कंपनीत रोजचा चालू खर्च मालमत्तेत टाकून नफा फुगवला होता, आणि २००२ मध्ये ते शोधून काढलं कंपनीच्याच इंटर्नल ऑडिटवाल्यांनी, धड आधाराचे कागद नसलेल्या मोठमोठ्या एन्ट्र्यांच्या मागे लागून. त्याच वर्षी अमेरिकेत सार्बेन्स-ऑक्सली कायदा आला, सीईओ-सीएफओंना हिशोबावर स्वतः सही करून जबाबदारी घ्यावी लागायला लागली, इंटर्नल कंट्रोल्स, म्हणजे चुका-फसवणूक रोखायच्या कंपनीतल्याच तपासण्या, चालतात का तेही सांगावं लागायला लागलं. म्हणून एन्ट्री एकाने टाकायची, अप्रूव्ह दुसऱ्याने करायची, कागद तेव्हाच जोडायचा. ऑडिटर यायच्या आदल्या दिवशी मागच्या तारखेच्या सह्या गोळा करणं हा कंट्रोल नाही, ती सरळ फसवणूक आहे, कोणी कितीही घाई केली तरी करू नका.

ऑडिटरला दुसरं काही काम द्यायचं असेल तर आधी ऑडिट कमिटीला, म्हणजे ऑडिटवर लक्ष ठेवणाऱ्या बोर्डाच्या समितीला, विचारा. हिशोबाच्या घोटाळ्यात बुडालेल्या एन्रॉन या अमेरिकन कंपनीने २००० साली आपल्या ऑडिट फर्मला, आर्थर अँडरसनला, ऑडिटचे सुमारे २.५ कोटी डॉलर दिले आणि इतर कामांचे त्याहून जास्त, सुमारे २.७ कोटी, मग कठीण प्रश्न कोण विचारणार? ज्याचं ऑडिट करायचं ते हिशोब ऑडिटरनेच लिहायचे हे तर बहुतेक ठिकाणी लिस्टेड कंपन्यांना बंदच आहे.

रिलेटेड पार्टींची, म्हणजे डिरेक्टरांचे नातेवाईक, त्यांच्या कंपन्या वगैरेंची, यादी डिरेक्टरांकडून दर तिमाहीला ताजी करून घ्या, बस.

सगळ्यात जास्त वेळ मात्र अंदाजांवर घालवा, बुडीत येणी, गुडविल (दुसरी कंपनी घेताना तिच्या मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेली किंमत), कोर्टातले दावे वगैरे. आता लिस्टेड कंपनीच्या ऑडिट रिपोर्टमध्ये की ऑडिट मॅटर्स येतात, म्हणजे ऑडिटरला कुठे जास्त डोकं लावावं लागलं ते गुंतवणूकदार पण वाचतात. प्रत्येक मोठ्या अंदाजाची दोन पानी नोट ठेवा, काय गृहीत धरलं, दुसरे कुठले पर्याय होते, ते का सोडले, आणि मागच्या वर्षीचा अंदाज प्रत्यक्षात किती चुकला. हा शेवटचा मुद्दा बरेच जण गाळतात आणि नेमकं तेच ऑडिटर पहिल्यांदा मागतो, त्यातून रोटेशनमुळे, म्हणजे ठरावीक वर्षांनी ऑडिटर बदलायच्या नियमामुळे, फर्म नवी आली असेल तर तिच्या हातात जुनं फारसं काही नसतं, तुमची नोटच वाचून ती पुढचे प्रश्न काढते.