वारा पडलेल्या दिवसाची शर्यत: हुसेन सागरात होडी उतरवण्यापूर्वीची तयारी

हैदराबादच्या हुसेन सागरावर शिडाच्या होड्यांच्या मोठ्या शर्यती पावसाळ्यात होतात, कारण तेव्हा पश्चिमेचा मोसमी वारा बऱ्यापैकी वाहतो. त्यामुळे बहुतेक स्पर्धक जोराच्या वाऱ्याची तयारी करून येतात, आणि सर पडून गेल्यावर वारा पडला की दोन-चार नॉटच्या, म्हणजे ताशी चार ते सात किलोमीटरच्या झुळकीवर शर्यत खेळताना त्यांची तारांबळ उडते. अशा दिवशी थांबलेली होडी पुन्हा चालती व्हायला फार वेळ लागतो, म्हणून मिळालेली गती कुठेही वाया जाऊ नये, हे एकच सूत्र धरून पुढची सगळी तयारी करावी. येथे आयएलसीए, म्हणजे पूर्वी लेझर म्हणून ओळखली जाणारी एकट्याने चालवायची होडी, डोळ्यांसमोर ठेवली आहे.

सुरुवात होडीच्या बुडापासून करावी. मंद वाऱ्यात लाटांचा अडथळा जवळजवळ नसतो आणि होडीला रोखते ते मुख्यतः पाण्याचे घर्षण, म्हणून बुडावर बसलेला तेलकट थर साबणाने आणि गोड्या पाण्याने धुऊन काढावा. होडीच्या आत साठलेले पाणी स्पंजने टिपून घ्यावे. सुमारे ५९ किलोच्या होडीत उगाच इकडून तिकडे हिंदकळणारे दोन-तीन लिटर पाणीही जाणवते. डॅगरबोर्ड (होडीच्या मध्यातून पाण्यात खाली सोडायची उभी फळी) आणि सुकाणू यांच्या पुढच्या कडेवरून बोट फिरवून कुठे खरखर लागते का ते पाहावे, आणि सुकाणूचे पाते पूर्ण खाली बसवून त्याची दोरी घट्ट बांधावी. या तलावात जलपर्णीचे तुकडे आणि प्लॅस्टिक नेहमीच तरंगत असते. जोराच्या वाऱ्यात अडकलेला तंतू हाताला जाणवतो, मंद वाऱ्यात मात्र होडी निमूटपणे मागे पडत जाते. म्हणून पाण्यात शिरल्यावर आणि शर्यत सुरू होण्याच्या थोडे आधी, असे दोनदा पाते तपासण्याची सवय लावून घ्यावी.

शिडाच्या बाबतीत एक गैरसमज आधी दूर करावा लागतो. वारा कमी म्हणून शिडाला जास्त फुगवटा द्यावा असे अनेकांना वाटते, पण अगदी मंद हवा खोल वळणाला चिकटून राहत नाही, मध्येच सुटते. त्यामुळे आउटहॉल, म्हणजे शिडाची खालची कड मागे ताणणारी दोरी, असा बांधावा की बूम (शिडाखालचा आडवा दांडा) आणि शिडाची खालची कड यांच्यामध्ये साधारण मुठीएवढेच अंतर राहील; झुळूक पाच-सहा नॉटची झाली की मग फुगवटा वाढवावा. कनिंगहॅम, म्हणजे शिडाची पुढची कड खाली ताणणारी दोरी, पूर्ण सैल सोडावा, डोलकाठीजवळ सुरकुत्या दिसल्या तरी त्यांची चिंता करू नये. बूमला खाली ओढून धरणाऱ्या व्हँग या दोरीची फक्त ढिलाई काढावी, म्हणजे शिडाची मागची कड मोकळी राहते. मेनशीट, म्हणजे शीड आत-बाहेर करायची दोरी, होडीच्या वर्गाच्या नियमात बसणारी, शक्य तितकी बारीक, मऊ आणि कोरडी घ्यावी. लोकरीचे टेलटेल, म्हणजे वाऱ्याचा प्रवाह दाखवणारे शिडावरचे धागे, पावसाने भिजले की शिडाला चिकटून बसतात आणि वारा सरळ वाहत असतानाही हलत नाहीत. त्यांच्या जागी हलक्या फितीचे लावावेत.

बसण्याचा सराव किनाऱ्यावरच करावा. डॅगरबोर्डला खेटून पुढे बसल्यावर होडीची मागची बाजू पाण्यातून उचलली जाते, आणि होडी वारा येतो त्याच्या पलीकडच्या बाजूला थोडी कलती ठेवली की शीड स्वतःच्या वजनाने आकार धरते. या अवस्थेत तासभर अंग आखडून बसावे लागते, म्हणून लाइफ जॅकेट बूममध्ये अडकणार नाही असे घट्ट असावे. पाण्याची बाटली आणि टोपी विसरू नये.

शर्यतीच्या नियमावलीतला नियम ४२, म्हणजे अंगाच्या हालचालींनी होडी पुढे ढकलण्यास मनाई करणारा नियम, आदल्या रात्री पुन्हा वाचावा, हे मी आग्रहाने सांगेन. शीड पंख्यासारखे हलवणे, होडी डोलवणे, सुकाणूने वल्हवणे यांचा मोह वारा पडल्यावरच होतो, आणि पंचांनी पिवळा झेंडा दाखवला की पहिल्या वेळी दोन फेऱ्यांचा, म्हणजे होडी जागच्या जागी दोनदा गोल फिरवण्याचा दंड घ्यावा लागतो. टॅक करताना, म्हणजे होडीचे नाक वाऱ्यातून पलीकडे वळवताना, होडी कलवून सरळ करण्यास मुभा आहे, पण टॅकनंतरची गती आधीपेक्षा वाढता कामा नये.

निघण्यापूर्वी अर्धा तास तरी तलावाकडे नुसते पाहत उभे राहावे. नेकलेस रोडच्या बाजूने येणारा वारा इमारती आणि झाडांच्या पलीकडे बराच लांबपर्यंत अडलेला असतो, आणि मधल्या खडकावर १९९२ मध्ये उभारलेल्या बुद्धमूर्तीच्या आडोशालाही पाणी गुळगुळीत दिसते. काठावरचे झेंडे कुठे हलतात, गडद लहरींचे पट्टे कोणत्या बाजूने सरकतात आणि किती वेळ टिकतात, हे डेकवर पेन्सिलने टिपून ठेवावे. सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोहोचायलाच वेळ लागतो, म्हणून सर्वांच्या आधी निघावे, आणि पाच मिनिटांचा इशारा झाल्यावर रेषेपासून दूर जाऊ नये. शेवटच्या मिनिटाला रेषेजवळ, स्वच्छ वाऱ्यात आणि हळूहळू का होईना, पण चालत्या होडीत असावे.